चोविसाने न भागणाऱ्या गोष्टी

ट्रकच्या प्लॅस्टिक मॉडेलचे १:२४ प्रमाणातले पहिले किट हाती घेतले तेव्हा माझी समजूत अशी होती की हा सगळा भागाकाराचा मामला आहे. खऱ्या ट्रकचे माप मिळवावे, त्याला चोविसाने भागावे आणि जे उत्तर येईल त्यानुसार प्लॅस्टिक कापून, घासून, चिकटवून रंगवावे. हिशेब चुकला नाही तर ट्रकही चुकणार नाही. तो ट्रक पूर्ण व्हायला सात महिने लागले आणि त्या काळात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर भागाकार बरोबर आणि ट्रक मात्र चुकीचा, असे घडत गेले.

त्याआधीचा माझा अनुभव १:६४ प्रमाणातल्या ओतीव धातूच्या छोट्या गाड्यांपुरता होता. त्यांच्या बुडाशी असलेल्या रिव्हेटांची डोकी ड्रिलने उडवायची, बॉडी आणि तळ वेगळे करायचे, जुना रंग उतरवायचा, चाके बदलायची आणि नवा रंग देऊन गाडी पुन्हा बंद करायची, एवढाच तो उद्योग होता आणि दोन संध्याकाळींत तो संपत असे. किटाचा डबा उघडल्यावर मात्र समोर गाडी नसतेच. चौकटींना काड्यांनी जोडलेले दोन-अडीचशे सुटे भाग, काळ्या टायरांची एक पिशवी, पारदर्शक काचांची एक चौकट, डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रांचा, एक कागद आणि आकृत्यांची एक पुस्तिका एवढेच असते, आणि त्या भागांतून नेमकी कोणती गाडी निघावी हे पुष्कळसे बांधणाऱ्यावर सोडलेले असते. हे स्वातंत्र्य या छंदात जुने आहे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने १९५८ मध्येच एका डब्यातून तीन प्रकारे, म्हणजे मूळ रूपात, सजवून किंवा शर्यतीसाठी, गाडी बांधता येईल अशी किटे बाजारात आणली होती.

प्रमाणाविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १:२४ हे प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातून आलेले आहे. खऱ्या गाडीवरचा एक फूट म्हणजे मॉडेलवरचा अर्धा इंच. अमेरिकन किटांत १:२५ अधिक रूढ आहे. दोन्हींतला फरक चार टक्क्यांचा, त्यामुळे एका किटाचे इंजिन किंवा बॅटरी दुसऱ्यात बेमालूम खपून जाते. पण विंडस्क्रीन खपत नाही, हे मी एक काच वाया घालवून शिकलो.

माझ्याकडचे किट ट्रेलर ओढणाऱ्या आखूड चासीच्या ट्रकचे होते. मला मात्र ट्रेलर नको होता. उघडा हौदा असलेला, लांब चासीचा, मालवाहू ट्रक हवा होता. खऱ्या ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर ३,६०० मिलिमीटर धरले, तर किटात ते १५० मिलिमीटर यायला हवे होते आणि तसेच ते भरलेही. हौद्याच्या ट्रकसाठी मी ५,७०० मिलिमीटर अंतर निश्चित केले. त्याचे उत्तर २३७.५ आले, म्हणजे चासी साडेसत्त्याऐंशी मिलिमीटरने वाढवणे आले.

भाग कापण्याआधी सगळ्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घेतल्या, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश प्लॅस्टिकवर राहतो आणि तिथे रंग धरत नाही. भाग कधीही हाताने तोडू नये; निप्परने काडी भागापासून थोडी लांब कापावी, उरलेला खुंट दुसऱ्या वेळी कापावा आणि शेवटचा कण कानशीने किंवा पॉलिश पेपरने घालवावा. साच्याच्या दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथली बारीक शीर प्रत्येक भागावरून खरवडून काढावी लागते. या कामात सांगण्यासारखे काही नाही, पण एकूण वेळेचा मोठा वाटा त्यातच गेला.

चासीच्या दोन्ही पट्ट्या बारीक दातांच्या करवतीने तिरक्या कापल्या. काप सरळ ठेवला असता तर जोडाला चिकटण्यासाठी फारच थोडी जागा मिळाली असती, आणि दोन्ही पट्ट्यांचे काप समोरासमोर आले असते तर चासी नेमकी तिथेच मोडली असती. म्हणून डावा काप पुढे आणि उजवा थोडा मागे घेतला. मधले तुकडे स्टायरीनच्या, म्हणजे किटाच्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या, पट्ट्यांपासून बनवले आणि चासीच्या पट्टीच्या पन्हळीसारख्या खोबणीच्या आतल्या बाजूने जोडावर आणखी एक पट्टी आधाराला बसवली. आता, प्लॅस्टिक मॉडेलचा सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. तो स्टायरीनचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर जोड एकजीव होतो. हे मला माहीत होते, पण जोड मजबूत व्हावा या हव्यासाने मी सिमेंट हात सैल सोडून लावला. आधाराच्या पट्टीमागे अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट राहिली नाही, आतले प्लॅस्टिक मऊच राहिले आणि सकाळी पाहतो तो उजवी पट्टी किंचित पिळवटली होती. काचेच्या सपाट तुकड्यावर चासी ठेवून ॲक्सल नुसते टेकवून पाहिले, तेव्हा मागचे एक चाक एक मिलिमीटर अधांतरी होते. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही असे कोणाला वाटेल. खऱ्या ट्रकवर ते जवळपास अडीच सेंटिमीटर होतात, आणि अधांतरी चाकाचा ट्रक कोणालाही, कारण सांगता न आले तरी, खेळण्यातला वाटतो.

दोन्ही जोड पुन्हा कापले. या वेळी काचेखाली आलेखाचा कागद चिकटवला, त्याच्या रेघांवर पट्ट्या ठेवल्या, छोट्या गुण्याने आडव्या पट्ट्यांचे काटकोन तपासले, सिमेंट ब्रशच्या टोकाने नुसता जोडाच्या फटीला टेकवला आणि वर वजने ठेवून तीन दिवस त्या काचेला हात लावला नाही. तेव्हापासून मी एक चाचणी ठरवून घेतली: प्रत्येक चाकाखाली साध्या कागदाची पट्टी सरकवून पाहायची, ती अडली पाहिजे.

चासीची लांबी जमली, तशी जाडी खटकू लागली. खऱ्या ट्रकची चासी सात-आठ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची असते. त्याला चोविसाने भागले तर जाडी ०.३ मिलिमीटर येते, आणि तेवढ्या जाडीची प्लॅस्टिकची चासी स्वतःचा भारही नीट पेलणार नाही. किटातली पट्टी दोन मिलिमीटर होती, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ पाच सेंटिमीटर. पट्टी पातळ करणे शक्यच नव्हते. शेवटी, जिथून जाडी दिसते ती मागची उघडी टोके तेवढी आतून कानशीने घासून धारदार केली. बघणाऱ्याची नजर कडेवरूनच जाडीचा अंदाज घेते, आणि कड पातळ असली की मधल्या भागाला ती कधी जाब विचारत नाही.

चासी तयार झाल्यावर आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेल्या माझ्या ओळखीच्या एका काकांना ती दाखवली. त्यांनी ती उलटी केली, गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत मी बसवलेली एकच लांबलचक नळी पाहिली आणि म्हणाले, "अरे, एवढा प्रॉपेलर शाफ्ट एकसंध ठेवलास, तर फिरताना तो उड्यांच्या दोरीसारखा पोट काढेल. मध्ये सेंटर बेअरिंग दे." लांब शाफ्ट विशिष्ट वेगाला पोहोचला की मधोमध वाकून हेलकावे घेऊ लागतो, म्हणून लांब चासीच्या ट्रकमध्ये तो दोन तुकड्यांत विभागून मध्ये चासीला टांगलेल्या बेअरिंगमध्ये धरतात. माझा शाफ्ट कधीच फिरणार नव्हता, तरीही तो मी त्याच रात्री कापला. मॉडेल हलत नसले तरी ते हलू शकले असते, असे त्याच्याकडे पाहून वाटले पाहिजे. निदान माझा तसा आग्रह आहे.

टायरांबाबत मी आधीपासून सावध होतो. पूर्वी एकदा बऱ्याच वर्षांचे जुने किट उघडले, तेव्हा डब्यात शेजारी पडलेला टायर गाडीच्या काचेत रुतून बसलेला दिसला होता. मऊ व्हिनाइलच्या टायरमधून त्याला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू झिरपते आणि ते ज्या स्टायरीनला टेकलेले असेल त्याला खाते. म्हणून रिमांना रंगाचा पूर्ण थर दिला, तो कडक वाळू दिला आणि मगच टायर चढवले. टायरांच्या मधोमध असलेली साच्याची रेघ पॉलिश पेपरने घासली, त्यातच वरची चकाकीही गेली, आणि मग काळ्याऐवजी गडद करडा रंग हलक्या हाताने दिला. शुद्ध काळा रंग मी मॉडेलवर कुठेच वापरत नाही. आकार लहान झाला की त्यावर पडणारा प्रकाश आणि त्यावरच्या सावल्या कमी पडतात आणि काळा रंग नुसत्या भोकासारखा दिसतो.

रंग हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाईट भागाकार होता. कारखान्यात गाडीवर चढणाऱ्या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण ०.१ मिलिमीटर असते. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि वरचे पारदर्शक लॅकर मिळून तेवढाच जाड थर सहज चढतो, आणि खऱ्या मापात तो २.४ मिलिमीटर होतो. दाराभोवतीची फट खऱ्या केबिनला चार-पाच मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ०.२, दोन्ही कडांवर दशांश मिलिमीटर रंग चढला की फट बुजलीच. त्यामुळे रंगाआधीच दारांच्या, टपाच्या झडपेच्या आणि पुढच्या जाळीच्या रेघा कोरणीने खोल करून घ्याव्या लागतात, म्हणजे मुद्दाम चूक करावी लागते, जेणेकरून रंगानंतर ती बरोबर दिसेल. एका जुन्या मोटारीवर मी हौसेने खऱ्या गाडीच्या टच-अपचा मेटॅलिक रंग वापरला होता. रंग अगदी तोच होता, पण त्यातले धातूचे कण मात्र चोवीसपट मोठे वाटत होते, आणि गाडी जत्रेतल्या चमकीच्या बांगडीसारखी दिसत होती.

या ट्रकचे केबिन लाल प्लॅस्टिकमध्ये ओतलेले होते आणि मला ते पांढरे हवे होते. राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात दिले, १००० क्रमांकाच्या पाण्याच्या पेपरने हलके घासले, आणि पांढऱ्या लॅकरचे तीन हात थोड्या थोड्या अंतराने दिले. फवारा सुरू करताना आणि थांबवताना तो मॉडेलच्या बाहेर असावा, फवाऱ्याचा डबा आधी कोमट पाण्यात धरावा, हवा दमट असेल त्या दिवशी लॅकर फवारूच नये, नाहीतर वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते, आणि तोंडावर द्रावकाची वाफ अडवणारा मास्क असावा, हे सगळे मी पाळले होते. संध्याकाळी केबिन दुधासारखे पांढरे होते. दुसऱ्या दिवशी ते फिक्कट गुलाबी झाले होते, आणि जिथे कडांवर प्रायमर पातळ होते तिथे तर ते चक्क लाजले होते. लाल प्लॅस्टिकमधले रंगद्रव्य लॅकरच्या द्रावकात विरघळून थराथरांतून वर चढते. पांढऱ्या रंगाचे आणखी कितीही हात दिले तरी ते त्यांतूनही वर येते आणि फटी मात्र बुजत जातात.

केबिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवले आणि जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा मूळ लाल केले. या वेळी प्रायमरवर आधी चंदेरी रंगाचा एक सलग हात दिला. चंदेरी रंगातले ॲल्युमिनियमचे चपटे कण माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर निजतात आणि खालच्या लाल रंगाला वर यायला जागा ठेवत नाहीत. त्यावर पांढऱ्याचे दोनच हात पुरले. त्या केबिनला गुलाबी झाक आजतागायत आलेली नाही. दारांवरची निळी पट्टी डिकॅलची आहे. डिकॅल नेहमी चकचकीत पृष्ठभागावरच लावावे. खडबडीत रंगावर त्याच्याखाली हवा राहते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकून आपले चिकटलेपण जाहीर करते.

विंडस्क्रीनची चूक मी अजूनही कोणाला सहजासहजी सांगत नाही. काच बसवताना एक कोपरा सारखा उचलला जात होता. पांढरा गोंद वाळण्याइतका धीर धरवेना, म्हणून सुपरग्लूचा एक इवलासा थेंब त्या कोपऱ्यात सोडला आणि केबिन बंद करून झोपलो. सुपरग्लूची वाफ बंद जागेत जवळच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराच्या रूपात बसते, आणि बोटांचा तेलकट ठसा असेल तिथे तर आधी बसते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उमटवायला हीच युक्ती वापरतात. सकाळी काचेच्या आतल्या बाजूवर धुके होते आणि त्या धुक्याच्या मधोमध, एकेक रेषा मोजून घ्यावी इतका स्पष्ट, माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. मी सवयीने गुणाकार केला: दोन सेंटिमीटर गुणिले चोवीस. चालकाच्या डोळ्यांसमोर जवळजवळ अर्धा मीटर उंचीचा अंगठा उभा होता. काच काढली, ३००० पासून १२००० क्रमांकापर्यंतच्या कापडांनी आतून पाण्याबरोबर घासली आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पॉलिशने उजळली. काच आतून वक्र असल्याने बोट नीट पोहोचत नव्हते आणि दोन संध्याकाळी त्यात गेल्या. नंतर ती पांढऱ्या गोंदानेच बसवली. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकला तर पाण्याने पुसता येतो.

हौद्याचे सगळे काम माझ्या मनाजोगते होणार, कारण तिथे किटाचा काहीच संबंध नव्हता, असे मला वाटत होते. लांबी २७० मिलिमीटर, तळाला फळ्या, तिन्ही बाजूंना उघडणारे फाळके. खऱ्या हौद्यात लाकूड असते, तेव्हा मॉडेलमध्येही लाकूडच हवे, या साध्या तर्काने पातळ लाकडी पट्ट्या आणल्या, कापल्या, बसवल्या. तो हौदा चहाच्या पेटीसारखा दिसू लागला. झाडाला आपल्या मापाची कल्पना नसते. त्याच्या रेषा कुठल्याही पट्टीवर तेवढ्याच जाड राहतात आणि चोवीसपट मोठ्या वाटतात. सगळे उखडले. एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीनच्या पत्र्यावर फळ्यांच्या रेघा कोरल्या, करवतीचे पाते आडवे धरून त्यावरून लांब ओढले म्हणजे बारीक चरे पडले, मातकट पिवळा रंग दिला आणि त्यावर तपकिरी तैलरंग पातळ करून चरांत सोडून लगेच पुसला. हे लाकूड खऱ्या लाकडाहून कितीतरी खरे दिसले. फाळक्यांच्या बिजागऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेच्या आहेत; खऱ्या मापात बारा मिलिमीटरचा गज, म्हणजे इथे भागाकाराने माझी लाज राखली.

मातीचे तेच झाले. कुंडीतली माती चाळून मडगार्डाखाली चिकटवून पाहिली. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे बारा मिलिमीटरची खडी, आणि ट्रक धुळीतून न येता डांबराच्या कढईतून आल्यासारखा दिसला. ती धुऊन काढली आणि मऊ रंगखडू पॉलिश पेपरवर घासून केलेली पूड कोरड्या ब्रशने लावली. पूड कुठे लावायची हे चित्रांवरून ठरवू नये. चाक पाणी कुठे उडवेल, चालक पाय कुठे ठेवेल, माल कुठे घासेल, याचा विचार करत लावावी आणि वाटते त्याच्या निम्म्यावर थांबावे. मी निम्म्यावर थांबलो नाही, त्यामुळे डावे मडगार्ड दोनदा पुसले.

सगळे जोडून झाले. ट्रक काचेवर ठेवला, कागदाची पट्टी घेतली. मागच्या दोन्ही जोडचाकांखाली ती अडली, पुढच्या डाव्या चाकाखाली अडली आणि उजव्या चाकाखालून अलगद पार गेली.

चासी आता सरळ होती, ॲक्सलही समांतर होते. फट होती ती कागदाइतकीच, आणि तिचे कारण शोधता शोधता मला शेवटचा भागाकार करावा लागला. खऱ्या ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्याच्या वजनाखाली दबतात आणि टायर तळाशी किंचित फुगतो, म्हणूनच त्याची सगळी चाके जमिनीला धरून असतात. लांबी चोविसाने भागली तर वजन मात्र चोविसाच्या घनाने, म्हणजे १३,८२४ ने भागले जाते. सात टनांचा रिकामा ट्रक या हिशेबाने अर्ध्या किलोचा झाला. माझा तर तराजूवर ३४० ग्रॅमच भरला. आणि पाटे तर ओतीव प्लॅस्टिकचे होते. डिझेलच्या टाकीत शिसे भरले असते, तरी ते एका केसाइतकेही दबले नसते.

काचेवर १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवला. चाके फिरू नयेत म्हणून सहाही टायर ॲक्सलला कायमचे पक्के केले. म्हणजे यापुढे हा ट्रक टेबलावरून ढकलता येणार नव्हता आणि ते करताना मी काही वेळ थांबलो होतो. मग केबिन आणि हौदा दोन्ही हातांनी धरून, खाली न दाबता, तो पेपरवर पुढे-मागे घासू लागलो. जी चाके टेकत होती ती आधी झिजत गेली, चौथा कोपरा हळूहळू खाली आला. दर दहा-बारा फेऱ्यांनी ट्रक उचलून टायर पाहत होतो. तळाशी उमटलेला सपाट डाग वाढत चालला होता आणि त्याबरोबर टायर थोडे बसल्यासारखे, माल वाहिल्यासारखे दिसू लागले होते. अखेर पुढच्या उजव्या टायरवरही करड्या रंगात तसाच एक अंडाकृती डाग दिसला. धूळ झटकली, ट्रक उघड्या काचेवर ठेवला आणि कागदाची पट्टी घेऊन डाव्या बाजूने सुरुवात केली. पुढच्या उजव्या चाकाखाली पट्टी सरकवली, तेव्हा ती टायरला टेकून वाकली आणि तिथेच अडली.